योगेंद्रच्या खुणा

१२ मे

पोचले एकदाची सासरी. नाशिकहून निघताना आईने डोळ्यांना पदर लावला आणि मी मात्र गाडी हायवेला लागायच्या आत खाण्याचा डबा उघडला, म्हणून नवल वाटभर चिडवत होता. लोणखेडा म्हणजे आडगाव असेल असं मला वाटलं होतं. तर ते शहाद्याला खेटूनच आहे. कॉलेजच्या बसगाड्या, झेरॉक्सची दुकानं, आणि त्यांच्या पाठीला लागून लगेच केळी-पपईची शेतं. नवल इथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो आणि उरलेल्या वेळात पपई. बायकोला वेळ कधी देणार, असं विचारलं तर नुसता हसला.

घरात तो, मी आणि सासूबाई. धनुबाई त्यांचं नाव. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. मला दारातच जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून मला पाहिलं आणि म्हणाल्या, तू मन्ही पोरच शे. इथे सगळे अहिराणी बोलतात. मला निम्मं कळतं, निम्मं मी ठोकून देते. पण हे वाक्य पुरतं कळलं आणि रडू आलं.

२९ मे

नवल गेला की दिवस खायला उठतो. म्हणून मोबाइलवर स्वतःचं पान सुरू केलं. ‘चेतना लोणखेड्यात’. पहिल्या दिवशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना व्हिडिओ टाकला. भाकरीचा नकाशा झाला होता, तोच लोकांना आवडला. मग घर दाखवलं. फाटकाची कडी कशी बाहेरूनही काढता येते, गच्चीचा जिना, मागचा गोठा. नवल सकाळी कधी जातो, दुपारभर आम्ही दोघीच कशा असतो, हेही हसत हसत सांगून टाकलं. माझं तोंड म्हणजे फुटकी कळशी, असं आई म्हणायची. पण लोक इतकं गोड बोलतात. अनोळखी बायका मला ताई म्हणतात. एकटं वाटत नाही.

१८ जून

आज दुपारी सासूबाईंच्या डोक्याला तेल लावताना त्यांनी योगेंद्रबद्दल सांगितलं. नवलला धाकटा भाऊ होता हे मला ठाऊक होतं. तो गेला एवढंच नवल म्हणाला होता. गेला म्हणजे वारला, असं मी धरलं होतं. तसं नाही. तो हरवला.

चार वर्षांचा होता. सासूबाई त्याला घेऊन माहेराहून एकट्या येत होत्या. विसरवाडीला बस थांबली, पोर सीटवर झोपलेलं. त्या पाणी आणायला उतरल्या. परत आल्या तर सीट रिकामी. बहुतेक जाग येऊन तो आईमागे उतरला असेल. तिथे तेव्हाही ट्रकच ट्रक उभे असायचे. सासरे वर्षभर त्या रस्त्यावरचा एकेक धाबा पालथा घालत होते. ते गेले तेही त्याच दुखण्याने, असं सासूबाई मानतात. हे सगळं त्या अगदी सावकाश सांगत होत्या, आणि माझा हात त्यांच्या केसांत तसाच थांबला होता.

त्या अजून वाट पाहतात. श्रावणात घरात कानबाई देवी बसते तेव्हा रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजतात. योगेंद्रच्या नावाची मूठ त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. त्या मुठीची पोळी कुणी खात नाही. खड्डा करून अंगणात पुरतात.

२ जुलै

रोज दुपारी थोडं थोडं विचारते. त्यांनाही बोलावंसं वाटतं, इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलंच नव्हतं. योगेंद्र कोंबड्याला भ्यायचा. दूध गूळ घातल्याशिवाय प्यायचा नाही. पवळ्या नावाच्या बैलाला मामा म्हणायचा. आईच्या कानाची पाळी धरून झोपायचा. भुवईवर उंबरा लागल्याची खोक होती. त्याचा एकच फोटो आहे, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला.

मोबाइल मी बरणीला टेकवून ठेवते. त्यांना दिसत नाही. सांगितलं तर त्या अवघडतील आणि बोलणार नाहीत. रात्रीपर्यंत सगळं जोडून, मी कॅमेऱ्यासमोर फोटो धरून एकेक खूण सांगितली आणि शेवटी हात जोडले. कुणी पाहिलं असेल तर कळवा. सांगताना मी खरंच रडत होते. आणि किती लोकांनी पाहिलं हेही मध्ये मध्ये बघत होते. दोन्ही खरं आहे.

६ जुलै

व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. सुरतहून, मालेगावहून फोन येताहेत. शेजारच्या कौसाबाई डोळे पुसत आल्या आणि त्यांनी सासूबाईंसमोर तो लावला. आपलाच आवाज मोबाइलमधून ऐकून सासूबाईंनी मोबाइल चाचपून पाहिला. मग एवढंच विचारलं, सगळास्ले माहीत व्हयनं का? मी म्हटलं, हो आई, आता तो सापडेल. त्या उठून गोठ्यात गेल्या. नवल चिडला होता, काढून टाक म्हणाला. पण रात्री तोच कमेंटा वाचत बसला होता.

१५ जुलै

तो आला.

दुपारी कडी वाजली. मी जाईपर्यंत बाहेरून हात घालून कडी काढून तो आतही आला होता. उंच, पांढरा शर्ट, दाढी नीट केलेली. मला म्हणाला, वहिनी, मी योगेंद्र. गोठ्याकडे बघून विचारलं, पवळ्यामामा कुठे आहे? भुवईवर खूण. सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि त्यांच्या कानाची पाळी धरली. मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले.

सासूबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या. तो हसला फक्त. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, मन्हा पोऱ्या घर ऊना. नवल धावत आला आणि भावाच्या गळ्यात पडला. एवढा मोठा माणूस हुंदके देताना मी पहिल्यांदा पाहिला. आज देवाजवळ साखर ठेवली. मला वाटतं माझ्या हातून आयुष्यात एक तरी चांगलं काम झालं.

२४ जुलै

भावजी घरात रुळले. दुधात गूळ लागतो. अंगणात कोंबडा आला की बाजूला होतात. सगळं तसंच.

इतकं तसंच की मला कधी कधी हसू येतं. चार वर्षांच्या पोराच्या सवयी अशा जपून कोण ठेवतो? मधली वर्षं कुठे होता विचारलं की म्हणतात, इथे तिथे. कुणी वाढवलं विचारलं की माझ्याकडे बघत राहतात आणि म्हणतात, आखो काही सांगा ना वहिनी, मन्हं लहानपणचं. मी सांगते. मग दुसऱ्या दिवशी ते मलाच परत सांगतात, आपल्याला आठवतं म्हणून. मी कुसकी आहे झालं. नवलला तर बोलूच शकत नाही, इतका तो खूश आहे.

३ ऑगस्ट

आज कानबाई बसली. पहाटेपासून भावकीतल्या बायका जमल्या. नारळाला डोळे, नथ, हिरवी साडी. मला तर नजर हटवता येईना. सासूबाईंनी गहू मोजताना योगेंद्रच्या नावाची मूठ घेतली तेव्हा सगळ्या जणी बघायला पुढे सरकल्या. यंदा ती पुरायची नव्हती.

रोट घरच्यांनीच खायचा. पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. उष्टं आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. मी वाढत होते. भावजी पहिल्या पंगतीत बसले होते.

तेवढ्यात फाटकाशी एक माणूस. फिका निळा शर्ट, नखांत गॅरेजचं काळं. आत येईना. नाव जुबेर सांगितलं. म्हणाला, एका गॅरेजवाल्याने मला वाढवलं, दुरुस्तीला आलेल्या ट्रकमध्ये मी झोपलेला सापडलो म्हणे. मरताना त्यांनी हे सांगितलं. तुमच्या व्हिडिओत विसरवाडीच्या ट्रकचं ऐकलं, म्हणून आलो. मी विचारलं, बैलाचं नाव काय होतं? माहीत नव्हतं. भुवई दाखव म्हटलं. तर ती कधीतरी भट्टीच्या कामात जळलेली, खूण कळायला मार्ग नाही. कोंबडा? दूध? मान हलवत राहिला. म्हणाला, व्हिडिओतलं काहीच मला आठवत नाही, फक्त कुणीतरी कानात हळू हाक मारायचं, तीही मुलीच्या नावाने. ते नाव सांगितलं. म्हणून मीच तो आहे की नाही मला कळत नाही, काही मागायला आलो नाही, फक्त विचारायला आलो.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, आमचा मुलगा सापडला, तो आत जेवतोय, आणि त्याचं नाव योगेंद्र. तो म्हणाला, बरं झालं, त्या माउलीला बरं वाटलं असेल. दुपार टळत आली होती, घरात जेवणं चाललेली, आणि मी त्याला एक घासही देऊ शकत नव्हते. रोट बाहेरच्याला चालत नाही. पाणी दिलं. तो ओंजळीने प्यायला आणि गेला. कुठल्या गावचा हेही मी विचारलं नाही.

११ ऑगस्ट

भावजींच्या खोलीतून माझा आवाज येतो. दार लोटलेलं असतं. माझेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतात. मी जिथे रडते तिथे थांबवतात आणि मागे घेतात. आज ऐकलं, माझ्या मागोमाग स्वतः म्हणत होते. दूध. गूळ. पवळ्या. कानाची पाळी. घोकत होते.

मी पाय न वाजवता परत आले.

१९ ऑगस्ट

फोटो पुसायला काढला. योगेंद्रची खूण फोटोत डाव्या बाजूला दिसते, म्हणून मी व्हिडिओत डावी भुवई म्हणाले होते. आज फोटो छातीशी धरून आरशासमोर उभी राहिले तेव्हा डोक्यात उजेड पडला. समोरच्या माणसाची ती उजवी असते. त्या पोराची खोक उजव्या भुवईवर होती. डावी मी चुकून म्हणाले.

भावजींची डावीकडे आहे.

अजून गुलाबी आहे ती. जुनी नाही. माझं ऐकून त्याने आपल्या हाताने —

फोटो साडीच्या घडीत लपवून ठेवला.

२० ऑगस्ट

नवलला सांगितलं. फोटो दाखवला. तो म्हणाला, तूच आणलंस त्याला आणि आता तूच काढायला निघालीस. सातबारा उतारा काढून शेतात भावाचं नाव लावायचं ठरलंय त्यांचं. मी म्हटलं, त्याला व्हिडिओत नसलेलं एक काहीतरी विचार. नवल म्हणाला, विचारू काय? व्हिडिओत नसलेलं आता आपल्याकडे आहे काय?

सगळ्या खुणा मी वाटून टाकल्या. खरा आला तर ओळखायचं कशावरून?

तो दारात उभा होता. किती वेळ ते माहीत नाही. मला म्हणाला, वहिनी, दूध तापलं का?

२६ ऑगस्ट

सासूबाईंना गोठ्यात गाठलं. पाय धरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझं डोकं थोपटलं. म्हणाल्या, मले पहिला दिनलेच समजनं व्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या कानात एक नाव घेतलं होतं. त्याने वळून पाहिलं नाही. नवलनंतरची दोन बाळं गेली, म्हणून योगेंद्रला त्या एकांतात मुलीच्या नावाने हाक मारायच्या, मुलगा आहे हे कुणाच्या नजरेला कळू नये म्हणून. ते नाव त्यांनी सासऱ्यांनाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मग याला घरात का ठेवलं, विचारलं. म्हणाल्या, ती मूठ कोनी तरी खाई ऱ्हायना व्हता, तेवढंच बरं वाटे. आणि आता त्याची भीती वाटते, म्हणून गप्प.

मुलीचं नाव. मी त्यांना जुबेरने सांगितलेलं नाव सांगितलं.

त्यांनी गव्हाणीला धरलं. विचारलं, तू त्याले पानी तरी दिन्हं ना?

दिलं म्हटलं. जेवायला का नाही दिलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला ओरडायला हवं होतं. ते नाव मी इथेही लिहिणार नाही.

२९ ऑगस्ट

शहाद्यातली गॅरेजं पालथी घातली. प्रकाशा, तळोदा, फोनवर अक्कलकुवा. जुबेर नावाची माणसं सापडली, ती नाहीत. व्हिडिओ टाकला असता तर एका दिवसात सापडला असता. पण काय सांगून शोधू? नाव सांगितलं की ते सगळ्यांचं होईल. नवलला सांगितलं तर तो थेट भावालाच सांगेल. न सांगता तो येणार नाही, त्याला वाटतंय मुलगा सापडला.

सासूबाई जेवत नाहीत. फाटकाकडे कान लावून असतात.

२ सप्टेंबर

संध्याकाळी त्या फाटकात उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारायला लागल्या. तेच नाव. मोठ्याने. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. मी तोंडावर हात ठेवायला गेले, त्यांनी तो झटकला. म्हणाल्या, त्याले ऐकू जाऊ दे.

मागे वळले तर तो. मोबाइल धरून. सगळं टिपत होता. हसत होता.

३ सप्टेंबर

त्याने टाकला व्हिडिओ. माझ्याच पानावर. नवलकडून पासवर्ड घेतला. ‘आई मला लहानपणच्या नावाने हाक मारते.’ सकाळी सासूबाईंच्या पुढ्यात बसून म्हणाला, आई, मला आठवलं, तू मला काय म्हणायचीस. आणि म्हणाला ते नाव.

त्या कानावर हात ठेवून रडल्या. नवलला वाटलं आनंदाने.

माझा मोबाइल सापडत नाही.

४ सप्टेंबर

लोक येताहेत. मोटारसायकलींवर. ती माय कुठे आहे, विचारतात. पोरं फाटकातून त्या नावाने ओरडतात, सासूबाईंनी वळून बघावं म्हणून. त्या वळतात. दर वेळी. ओ म्हणतात, काठी शोधतात, फाटकापर्यंत जातात, तोंडावरून हात फिरवून बघतात. पोरं हसतात. परत दुसरीकडून हाक.

आत ओढलं तर माझ्या हाताला चावल्या.

५ सप्टेंबर

नवल कॉलेजात. मला खोलीत घालून दार बाहेरून लावलंय त्या तोतयाने. वहिनी थकल्यात म्हणून सांगतोय लोकांना. दार ठोकून हात सुजले. खिडकीतून दिसतं. लिहिण्याशिवाय हातात काही —

दुपार. गर्दी वाढली. सगळे मोबाइल वर धरून. सगळे तेच नाव. सासूबाई मधोमध, चारी बाजूंना ओ देत फिरताहेत. पडल्या एकदा. कुणी उचललं नाही, टिपत होते —

निळा शर्ट.

रस्त्यापलीकडे. जुबेर. तो आलाय. ते नाव ऐकून आलाय, त्याचं नाव — हातात पिशवी आहे — आईकडेच बघतोय. एक पाऊल पुढे. थांबला. त्याच्या बाजूचा पोरगा तेच नाव ओरडला आणि आई त्या पोराकडे गेल्या, त्याचं तोंड चाचपताहेत. जुबेर बघतोय.

त्याने मान खाली घातली. त्याला वाटतंय ते नाव सगळ्यांचंच, तोही यांच्यातलाच एक —

मी गज धरून ओरडले. जुबेर म्हणून ओरडले, पोचेना. मग तेच नाव. त्याचं. आईने ठेवलेलं. जीव खाऊन —

वळला नाही. सगळेच तेच नाव ओरडताहेत, त्याला कसं कळणार यातली एक हाक —

तो चालला. कोपऱ्यापर्यंत गेला. आई, त्या बाजूला बघा, आई, उजवीकडे, तो —